ओकखालचा आडोसा

ईनॉक थर्टलला कोणी घाई केलेली खपत नसे आणि मला कोणी रेंगाळलेलं खपत नाही. तरी तो आमच्या शेतावर इतकी वर्षं टिकला, याचं श्रेय मी त्यालाच देते. इंग्लंडातल्या आमच्या नॉरफकची माणसं एकूणच बोलायला काटकसरी, पण ईनॉक त्यांच्यातसुद्धा चिक्कू. सकाळी 'काय रे, कसं काय?' म्हणून विचारलं, तर दुपारच्या चहाला 'बरं आहे' असं उत्तर मिळायचं. तोवर मी काय विचारलं होतं तेच विसरलेली असायची.

त्याचं मूळ काम कुंपणांचं. थंडीत पानं झडली की कोयता घेऊन तो बांधावर जायचा. झुडपाचं खोड बुडाशी जवळजवळ आरपार कापायचं, पण एका बाजूची साल राखायची, मग ते हळूच आडवं निजवायचं आणि खुंट्यांमधून विणायचं. त्या एवढ्याशा सालीवर खोड जगतं आणि वसंतात कापल्या जागेतून नवे धुमारे फुटतात. हे काम तो म्हाताऱ्या लार्टरच्या हाताखाली शिकला. लार्टर म्हणजे आमच्या विनीचे वडील. विनी माझ्या स्वयंपाकघरात माझ्या लग्नाच्या आधीपासून होती. तिच्याबद्दल पुढे सांगतेच.

पण आसपासच्या गावांत ईनॉकचं नाव होतं ते आडोशांसाठी. रानकबुतरांचा त्रास आमच्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. वाटाण्याचे कोवळे शेंडे वर आले की थवे उतरतात आणि संध्याकाळपर्यंत शेताचा एक कोपरा बोडका झालेला असतो. मग बंदूक घेऊन कुठेतरी दडून बसावं लागतं. बाकीचे शेतकरी सकाळी जाळी बांधून, गवताच्या पेंढ्या रचून आडोसा करत आणि संध्याकाळी गुंडाळून घरी नेत. ईनॉकला ते बघवत नसे. तो म्हणायचा, "कबुतर बिनडोक असेल, पण आंधळं नाही. काल नव्हतं ते आज दिसलं की ते बिचकतं." म्हणून त्याचे आडोसे बांधलेले नसत, वाढवलेले असत. कुंपणाच्या पोटातच हेझलच्या लवचिक फांद्यांच्या भिंती विणायच्या, पाठीला बारमाही हिरवी हॉली आणि वेल चढवायचे, कारण बाकीची पानं थंडीत गळतात आणि उन्हाळ्यात झकास लपलेला माणूस फेब्रुवारीत उघडा पडतो. आत शिरायची वाट मागून, तीही वळणाची, म्हणजे आरपार उजेड दिसत नाही.

आडोसा कुठे करायचा हे ठरवायलाच त्याला एक वर्ष लागायचं. त्या वर्षात तो काहीच करायचा नाही. नुसता बांधावर बसून पाखरं कुठून येतात, वारा फिरला की कुठे वळतात, उतरायच्या आधी कुठल्या झाडावर टेकतात हे बघत राहायचा. माझा नवरा राल्फ चिडायचा. "मी ह्याला काय बसायला ठेवलाय?" असं तो मला विचारायचा, जणू ईनॉकला मीच माहेरून आणला होता. पण पुढे त्या आडोशात बसून शेत राखलं की तोच राल्फ गप्प व्हायचा.

चुकाही झाल्या होत्या. तरुणपणी पहिल्यांदा केलेल्या आडोशाला ईनॉकने ओल्या विलोच्या खुंट्या ठोकल्या. विलोला काय, जमीन मिळाली की पुरे. खुंट्यांना मुळं फुटली, पानं आली आणि चारपाच वर्षांत आडोशाच्या जागी विलोंचा घोळकाच उभा राहिला. आज त्यांतला सर्वांत जाडा आमच्या खालच्या शेतावर सावली धरून उभा आहे. सगळं गाव त्या झाडाला 'ईनॉकची चूक' म्हणतं. ईनॉकही म्हणतो. 'चुकीपाशी चहा घेऊ' असं तो अगदी सरळ चेहऱ्याने सांगायचा.

आणखी एक खासियत म्हणजे प्रत्येक आडोसा बसणाऱ्याच्या मापाचा. ज्याला बसायचं त्याला तो पालथ्या बादलीवर बसवायचा, जमिनीपासून डोळ्यांपर्यंत काठी लावायचा आणि काठीवर कोयत्याने खाच करायचा. त्या उंचीला पानांत खिडकी कापायची. का, तर माणूस मान उंच करून बघायला लागला की चेहरा वर येतो, टोपीच्या बाहेर चमकतो आणि पाखरं फिरतात. आडोशात तोंड खाली ठेवायचं, डोळे तेवढे वर. बोलायचं असेल तर बुटांकडे बघून बोलायचं. आणि पाखरं यायला लागली की होतो तिथे थिजायचं, मग नाकावर माशी बसो की पायात गोळा येवो.

आता विनीबद्दल. विनी लार्टर उंचीने इतकी कमी की माझ्या स्वयंपाकघरात तिच्यासाठी वेगळी तिपाई ठेवलेली असायची. पीठ काढायला तिपाईवर, ताटं काढायला तिपाईवर. जीभ मात्र चांगली लांब. लग्न झालं नव्हतं. आई लवकर गेली, धाकटी बहीण ग्रेस लग्न करून दूर उत्तरेला, समुद्रकाठच्या स्कारबरोला गेली, आणि वडिलांपाशी राहिली ती विनी. मारलेली कबुतरं सोलायची, पाईसाठी छातीचं मांस काढायचं हे तिचं काम. ओसरीत बसून ती पिसं उपटायची आणि ईनॉक पाय बांधलेल्या कबुतरांचे जुडगे आणून टाकायचा. जन्मभर बंदुकीचा आवाज सोसून त्याचा डावा कान गेला होता. विनी त्याच्याशी बोलताना न विसरता त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहायची. दुसरं कोणी तेवढं लक्षात ठेवत नसे. मीसुद्धा डाव्या कानाशी ओरडायची आणि तो ऐकत नाही म्हणून चिडायची.

सगळ्या गावाला दिसत होतं ते त्या दोघांना दिसत नव्हतं, असं कसं म्हणू? दिसत असणार. पण एकाला बोलायला वेळ लागत होता आणि दुसरी आपणहून बोलणार नव्हती. पन्नाशीला आलेल्या माणसांनी इतका वेळ लावावा याचा मला मनस्वी राग यायचा.

म्हातारे लार्टर अंथरुणाला खिळले त्या उन्हाळ्यातली गोष्ट. विनी वाटाण्याच्या शेतावर राल्फच्या आडोशात चहा घेऊन गेली होती. मीही होते, ईनॉकही होता. ती आत बादलीवर बसली, मान उंच केली, तरी तिला समोर फक्त काटक्या दिसत होत्या. ती म्हणाली, "जन्मभर मेलेलीच पाहिली. उतरताना कशी दिसतात कोण जाणे. तुमचे आडोसे सगळे लंबूटांग बाप्यांचे." आम्ही हसलो. राल्फ म्हणाला, तुझी तिपाई आणायची होतीस. ईनॉक हसला नाही. तो चहा पीत होता.

त्या थंडीत लार्टर गेले. विनी तशीच कामाला येत राहिली आणि ईनॉक जुडगे आणत राहिला. वरच्या शेताच्या कोपऱ्यात, जुन्या ओकखाली, त्याने एक नवा आडोसा धरला होता. तिथे तो कोणाला बसू देत नसे. अजून व्हायचाय, म्हणायचा. असेच हिवाळे गेले.

मग एका ईस्टरला ग्रेस आली. स्कारबरोला तिचं पाहुण्यांच्या राहण्याजेवणाचं घर होतं, नवऱ्याची पाठ कामातून गेली होती, आणि तिला हाताशी माणूस हवं होतं. खोली देते, समुद्र दिसतो, म्हातारपणी एकमेकींना आधार, असं तिने सगळं गोड करून मांडलं. विनीने हो म्हटलं. सुगी आटोपून सप्टेंबरअखेर निघायचं ठरलं. ग्रेस गेल्यावर ओसरीत पिसं उपटताना विनी मोठ्याने म्हणाली, "इथे मला अडवणारं कोण आहे?" दारात ईनॉक उभा होता, आणि उजवा कान नेमका तिच्याकडे होता. त्याने ऐकलं. हातातला जुडगा फरशीवर ठेवला, बुटांकडे पाहिलं आणि निघून गेला.

मी त्याच्या मागे गेले. सफरचंदाच्या झाडाखाली गाठलं आणि उजव्या बाजूला उभी राहून म्हटलं, "ईनॉक, ती चाललीय. कळतंय ना? पुन्हा येणार नाही. तुला काही बोलायचं असेल तर या जन्मात बोल."

तो बराच वेळ कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "अजून तयार नाही, मालकीणबाई."

"काय तयार नाही?"

"ओकखालचा. एक बाजू विरळ आहे. आणखी एक हिवाळा लागेल."

माझ्या हातात तेव्हा काही असतं तर मी ते त्याच्या डोक्यात घातलं असतं. मी माणसाबद्दल विचारतेय आणि हा झुडपाबद्दल सांगतोय. घाल तुझा आडोसा चुलीत, असं म्हणून मी तरातरा घरी आले.

त्यात ऑगस्टमध्ये राल्फ कुरकुरत जेवायला आला. ईनॉक इकडेतिकडे नाही असं पाहून तो ओकखालच्या आडोशात शिरला होता. आत दोन खिडक्या होत्या. एक ठीक, पण दुसरी त्याच्या बरगड्यांशी यायची. तिथून बंदूक काय, वाटाणासुद्धा मारता येणार नाही म्हणाला. त्याने ईनॉकला ती बुजवून वर कापायला सांगितलं, तर ईनॉक म्हणाला, "असू दे." इतक्या वर्षांत त्याने मालकाला नाही म्हटलेलं राल्फला आठवत नव्हतं. म्हाताऱ्याचं माप चुकलं आणि कबूल करत नाही, असं राल्फचं मत पडलं. आणखी एक ईनॉकची चूक, म्हणून आम्ही दोघं हसलो.

सुगी झाली. वरच्या शेतात बार्लीचे खुंट राहिले आणि सांडलेल्या दाण्यांवर पाखरं यायला लागली. विनीची ट्रंक माझ्या ओसरीत दोरी बांधून उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राल्फ तिला नॉरिचला आगगाडीवर सोडणार होता. ती एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "मी काही कोणासाठी थांबलेली नाही हं बाई."

तेवढ्यात मागच्या दारात ईनॉक आला. टोपी हातात, दाढी केलेली, मंगळवार असून; एरवी तो फक्त रविवारी करायचा. दाराच्या चौकटीला उद्देशून म्हणाला, "चहा वरच्या शेतात आण. आज वारा नैर्ऋत्येचा आहे." आणि गेला.

विनीचे हात फेसात तसेच राहिले. मी म्हटलं, जा की. ती म्हणाली, "तुम्हीही चला. शेवटच्या दिवशीसुद्धा तो मला जुडगेच उचलायला लावेल, मला एकटीला ते सोसायचं नाही." तिचा आवाज ऐकून मी निमूट शाल घेतली.

ओकपाशी आलो तरी आडोसा मला दिसला नाही. कुंपण होतं तसंच सरळ गेलेलं. ईनॉकने मागच्या बाजूने हेझलची एक फांदी दूर केली तेव्हा कळलं. आधी तो वाकून आत गेला, मग विनी, तिच्या उंचीला वाकायचं कारण नव्हतं म्हणून, सरळ गेली, आणि मी वळणावर चहाची बरणी धरून अर्धी आत, अर्धी बाहेर. आत दोन ओंडके होते. डावीकडचा मळका, उंच. उजवीकडचा बुटका, त्यावर पोत्याची घडी.

"बस," तो म्हणाला.

ती उजवीकडच्या ओंडक्यावर बसली. पाय जमिनीला टेकले. माझ्या घरातल्या एकाही खुर्चीवर तिचे पाय टेकत नसत. मग तिने समोर पाहिलं, आणि सगळं शेत तिच्या डोळ्यांसमोर होतं. मान उंच करावी लागली नाही. राल्फच्या बरगड्यांशी येणारी खिडकी तिच्या बरोबर डोळ्यांशी आली होती.

मला वाटलं, आता ती काहीतरी तिरकस बोलेल. पण तिचा हात खिडकीच्या कडेला गेला. तिथे हॉलीचा एक दांडा खिडकीसाठी कापलेला होता. ताज्या कापाचं लाकूड पांढरं असतं. हा काप काळवंडलेला होता, आणि चारी बाजूंनी साल गोल वळून त्याच्यावर चढत आली होती, मधे बटणाएवढीच जागा उरली होती. विनी कुंपणं विणणाऱ्याची मुलगी. तिने त्या सालीवरून बोट फिरवलं. मलासुद्धा ते वाचता आलं, मग तिला न येऊन कसं चालेल?

"हे यंदाचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बाबा गेले त्या हिवाळ्यातलं आहे."

"ते असतानाच कापलं. त्यांना विचारून."

तिने बोट त्या सालीवरून काढून घेतलं. मग म्हणाली, "माझं माप कुठून घेतलंस? मी काही तुझ्या बादलीवर बसले नव्हते."

ईनॉकने टोपीखालून आपल्या बुटांकडे पाहिलं. "त्यांनी दिलं. पलंगावर बसून माझ्या काठीवर खाच केली त्यांनीच. म्हणाले, पोरगी एवढी आहे. ह्याच्या वर कापशील तर बघ."

मला वाटतं, तेव्हा विनी रडली. पाठमोरी होती, मी सांगू शकत नाही. मी तिथून निघायचं ठरवलं. दोन माणसांचं असं काही चाललेलं असताना तिसऱ्याने चहाची बरणी घेऊन मागे उभं राहू नये, एवढी अक्कल मला आहे. मी एक पाय उचलला, आणि ईनॉक हलक्या आवाजात म्हणाला, "आली. हलू नका."

झाली पंचाईत. मी होते तशी थिजले. वाकलेली, एक टाच वर, बरणी पोटाशी. दोघांच्या खांद्यांमधून मला शेताचा तुकडा दिसत होता. सहासात कबुतरं ओकवरून वळली, वाऱ्यात तोंड घालून पंख आवरले आणि एकेक करत खाली यायला लागली. छातीचा तो जांभळट रंग, मानेवरचा पांढरा ठिपका. विनीने हे पाखरू हजारदा हातात धरलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ईनॉकची बंदूक भिंतीला टेकवलेली होती. त्याने ती उचलली नाही.

तोंड खाली ठेवूनच तो बोलला. इतका सलग बोललेला मी त्याला त्याआधी कधी ऐकला नव्हता. "विनी, स्कारबरोला जाऊ नकोस. मला तू हवीस. मला आधीच म्हणायचं होतं, पण हे दाट झाल्यावर दाखवू असं वाटलं. उघडंबोडकं काय दाखवायचं? मग ते होता होता राहिलं. आपण लग्न करू."

विनीही खालीच बघत होती. नियमच होता. तिने उत्तर द्यायला जो वेळ लावला, तो ईनॉकलाही शोभला असता. माझ्या पायात गोळा आला होता आणि मी मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. बोल ना बाई.

"डाव्या कोपऱ्यातून उजेड येतोय," ती शेवटी म्हणाली.

"हो. तीच बाजू विरळ आहे."

"तिथे या हिवाळ्यात दोन हॉली लावू. मी रोपं धरते, तू माती लोट. आणि चांगली वाढलेली रोपं आणायची, ईनॉक. बोटभर रोप लावून पुन्हा इतकी वर्षं बसायला माझ्याकडे वेळ नाही."

ईनॉकने मान वर केली. सरळ, टोपीबाहेर, चेहरा उजेडात. आडोशात बसायला शिकल्यापासून त्याने हे कधी केलं नसेल.

"तोंड खाली कर," विनी कुजबुजली. "उडतील ना. मला अजून बघायचंय."

त्याने तोंड खाली केलं. तिने हात लांब करून त्याच्या कोटाची बाही धरली, बाहीच, हात नाही, आणि ती दोघं तशीच बसून राहिली. पाखरं खुंटांमधून दाणे टिपत होती. बरणीतला चहा गार होत होता, ओसरीत बांधलेली ट्रंक सोडायची होती, राल्फला गाडी काढू नकोस म्हणून सांगायचं होतं, ग्रेसला कळवायचं होतं. सगळी पाखरं खाऊन उठेपर्यंत मी तशीच वाकून उभी होते, आणि मला कसली घाई नव्हती.